लक्ष्मीबाई नावाच्या चौघी

(अकादमीच्या वार्षिक कार्यक्रमात ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ग्वाल्हेरात उभे राहून ‘लक्ष्मीबाई’ या विषयावर बोलायचे म्हणजे काशीत उभे राहून गंगेची ओळख करून देण्यासारखे आहे. फूलबागेतली समाधी इथल्या प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेली आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की किल्ल्याच्या आधी आपण त्याला तिथेच नेतो. त्यामुळे मी राणीसाहेबांचे चरित्र सांगायला आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला बोलायचे आहे ते त्यांच्या नावाबद्दल, आणि त्याच नावाच्या आणखी काही स्त्रियांबद्दल.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तला उतारा शिकवत होतो. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या लढाईतून वाचल्यावर ख्रिस्ती झाल्या का?” वर्ग हसला. मीही हसलो, आणि नंतर मला माझीच लाज वाटली. मुलीची चूक इतकीच होती की तिला एकच लक्ष्मीबाई ठाऊक होती. तिला उत्तर द्यायचे म्हणून मी दोघींची माहिती फळ्यावर शेजारी शेजारी लिहू लागलो आणि दुसऱ्याच ओळीला थांबलो. जन्मनाव या रकान्यात मला दोन्ही बाजूंना एकच शब्द लिहावा लागला. आजचे बोलणे त्या फळ्यापासून सुरू झाले आहे.

झाशीच्या राणीचा जन्म काशीचा. वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी होते. काशीत जन्मलेल्या मुलीचे नाव घाटावरून ठेवले : मणिकर्णिका. घरात हाक मनू. आई लवकर गेली, मुलगी वडिलांबरोबर ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, पेशव्यांच्या आश्रयाला वाढली. १८४२ साली झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी लग्न झाले आणि मनूची लक्ष्मीबाई झाली.

दुसरी मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरची, गोखल्यांच्या घरातली. जन्म १८६८. तिचेही नाव मनकर्णिका, आणि घरात तीही मनूच. अकरा-बारा वर्षांची असताना तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि या मनूचीही लक्ष्मी झाली. पुढे मराठी वाचकांनी तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखले.

पहिल्या मनूचा शेवट या गावात १८५८ च्या जूनमध्ये झाला. दुसरी त्यानंतर दहा वर्षांनी जन्मली. आणि या दोघींच्या मध्ये १८५७ चे साल आणखी एका रीतीने उभे आहे. ‘स्मृतिचित्रे’ सुरू होते तीच सत्तावन्नच्या सावलीत. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना त्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या प्रसंगानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचे जे वेड शिरले ते आयुष्यभर गेले नाही. लहानगी मनू वाढली ती या सोवळ्याच्या धाकात, धुतलेले पुन्हा धुणाऱ्या घरात. एका मनूने सत्तावन्नचा संग्राम घोड्यावर बसून अनुभवला. दुसरीच्या वाट्याला त्याचे ओरखडे आले, तेही स्वयंपाकघरात. इतिहासाच्या पुस्तकात आपण पहिला अनुभव लिहितो. दुसरा लिहायला एक लक्ष्मीबाई टिळक यावी लागली.

आता प्रश्न असा की दोन्ही मनूंची लक्ष्मीच का झाली? याचे उत्तर आपल्या सर्वांच्या घरात आहे. लग्न लागले, वरात आली, उंबरठ्यावरचे माप ओलांडले की लक्ष्मीपूजन होते. ताटात तांदूळ पसरतात, नवरामुलगा सोन्याच्या अंगठीने त्यात नवे नाव लिहितो, ते नाव वडीलधाऱ्यांना सांगितले जाते आणि पेढे वाटले जातात. घरात येणारी सून ही लक्ष्मी, ही कल्पना विधीतच आहे, त्यामुळे पुष्कळ घरांत नावही तेच पडले. झाशीत तर महालक्ष्मीचे मोठे देऊळ, त्याच्या शेजारी लक्ष्मी तलाव. तिथल्या राणीला दुसरे कोणते नाव शोभले असते!

मी या फळ्यावरच्या रकान्यात मग आणखी नावे भरत गेलो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई या माहेरच्या कुर्लेकर, जन्मनाव यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली कल्याणचा, जन्मनाव पुन्हा यमुनाच. महर्षी कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, या माहेरच्या गोदूबाई. जरा लक्ष देऊन पाहा : मणिकर्णिका, यमुना, गोदा. माहेरची नावे घाटांची आणि नद्यांची आहेत. सासरची नावे पाहा : लक्ष्मी, रमा, आनंदी. रमा म्हणजे पुन्हा लक्ष्मीच. मुलीला नाव ठेवताना आईबापांना तीर्थ आठवले आणि सून आणताना सासरला घराची भरभराट आठवली. पाच-सहा नावांवरून सिद्धांत मांडण्याचा मोह मी आवरतो. पण विद्यार्थ्यांनी आपापल्या घरची नावे जमवून हे तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

याच रकान्यात एक नाव असे आले की ज्याच्यापुढे मला काहीच लिहावे लागले नाही. पंडिता रमाबाई. जन्म १८५८, म्हणजे झाशीची राणी गेली त्याच वर्षीचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी ठेवलेले रमा हे नाव बंगालमधल्या विवाहानंतर राहिले, आणि १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाल्यावरही लोक त्यांना रमाबाईच म्हणत राहिले. त्यांचे लग्न १८८० साली नोंदणी पद्धतीने झाले. तांदळाचे ताट तिथे नव्हतेच. रानड्यांच्या रमाबाई आणि पंडिता रमाबाई पुण्यात १८८२ मध्ये एकत्र आल्या, आर्य महिला समाजाच्या कामात एकमेकींच्या शेजारी बसल्या. दोघींचे नाव एक, पण एकीला ते बापाने दिलेले आणि दुसरीला सासरने दिलेले. हाक मारणाऱ्याला हा फरक कळत नाही. तो कळतो ते नाव वागवणारीलाच.

यावर कोणी म्हणेल, नाव तर पुरुषाचेही बदलत असे. खरे आहे. दत्तक गेला की पुरुषाचे नाव बदले. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, १८५३ च्या नोव्हेंबरात, जो मुलगा दत्तक घेतला त्याचे नाव आनंदराव होते. ते दामोदरराव झाले. बडोद्याचे सयाजीराव हे कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळराव होते, १८७५ मध्ये दत्तविधान होऊन ते सयाजीराव झाले. पण नीट पाहिले तर पुरुषाचे नाव बदलते तेव्हा त्याला एक वारसा मिळतो : गादी, जमीन, निदान पिंडाचा अधिकार. म्हणूनच त्या नव्या नावावर खटले होतात. झाशीचा सगळा तंटा एका अर्थाने हाच होता. आनंदरावाचा दामोदरराव झाला, हे कंपनी सरकार मानणार की नाही? राणीने खलित्यांमागून खलिते पाठवले, वकील लावले, जुन्या तहांची कलमे दाखवली. डलहौसीने ते मानले नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. म्हणजे ज्या बाईचे स्वतःचे नाव एका ताटातल्या तांदळात बदलले आणि ज्याबद्दल कोणी कागद मागितला नाही, तीच बाई आपल्या मुलाच्या बदललेल्या नावासाठी आधी कागदावर आणि मग रणात लढली. ज्यांच्यासाठी हे झाले ते दामोदरराव पुढे इंदूरला राहिले आणि १९०६ मध्ये वारले. इंदूरच्या मंडळींना ही गोष्ट मी सांगायला नको.

बडोद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक लक्ष्मीबाई सांगतो, जी उलट्या वाटेने गेली. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या. त्यांचे माहेरचे नावच लक्ष्मीबाई होते. १८८० मध्ये लग्न होऊन त्या बडोद्याच्या राजवाड्यात आल्या आणि चिमणाबाई झाल्या. १८८५ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई महाराणी होऊन आल्या, आणि त्यांनाही नाव मिळाले चिमणाबाई. पहिलीचे लक्ष्मी गेले, दुसरीचे गजरा गेले, आणि दोघींना मिळून एक नाव उरले. इतिहासकार आता ‘पहिल्या’ आणि ‘दुसऱ्या’ असे आकडे लावून त्यांना वेगळे करतात. या दुसऱ्या चिमणाबाई कर्तबगार निघाल्या. १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

या परिषदेच्या वाटेने आपण पुन्हा ग्वाल्हेरला येतो. चिमणाबाईंनंतर दहा-बारा वर्षांनी त्याच परिषदेच्या अध्यक्ष झाल्या त्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे. माझ्या चौघींमधली ही तिसरी. ग्वाल्हेरच्या सरदार राजवाड्यांच्या घरातल्या, शिक्षणाने डॉक्टर. संततिनियमनाचा विषय चारचौघांत काढणेही अवघड होते त्या काळात, १९३० नंतरच्या वर्षांत, त्यांनी तो परिषदेच्या व्यासपीठावर ठरावाच्या रूपाने मांडला. पुढे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती काम करू लागली. तिने १९३९ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेतील स्त्रियांच्या स्थानाचा विचार करायला एक उपसमिती नेमली, तिच्या अध्यक्षस्थानी या लक्ष्मीबाई होत्या आणि चिटणीस मृदुला साराभाई. बाईने घरात केलेल्या कामाला आर्थिक मोल आहे, समान कामाला समान वेतन हवे, मालमत्तेत तिचा हक्क हवा, ती कोणाची तरी आश्रित म्हणून न मोजता स्वतंत्र व्यक्ती म्हणून मोजली जावी, अशा शिफारशी स्वातंत्र्याच्या आधी त्या अहवालात झाल्या. आज आपण स्त्रियांच्या श्रमाबद्दल चर्चासत्रे भरवतो, त्यांतले अर्धे मुद्दे तिथे येऊन गेलेले आहेत.

आणि या बाईंचे नाव ग्वाल्हेरात किती जणांना माहीत आहे? हा टोमणा नाही. मलाही ते फार उशिरा कळले. ‘ग्वाल्हेर’ आणि ‘राणी लक्ष्मीबाई’ हे दोन शब्द एकत्र आले की वाचणाऱ्याचे मन आपोआप समाधीकडे जाते. अनुक्रमणिकेत या राणी लक्ष्मीबाईंपुढचा ‘राजवाडे’ वाचायच्या आधीच तो पान उलटतो. थोर नावाची सावली अशी पडते. एका राणी लक्ष्मीबाईच्या तेजात दुसरी राणी लक्ष्मीबाई दिसेनाशी झाली, आणि यात दोघींपैकी कोणाचाच दोष नाही.

चौथी लक्ष्मीबाई पुन्हा बडोद्याची, पण राजवाड्याच्या दुसऱ्या दालनातली. लक्ष्मीबाई जाधव. कोल्हापूरच्या गायिका, अल्लादिया खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्या शिष्या, बडोदे दरबारात गाणाऱ्या. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. आपल्या संगीतप्रेमींच्या पिढीला धोंडूताई कुलकर्णी आठवत असतील. त्यांनाही या लक्ष्मीबाईंची तालीम मिळाली होती. जुन्या तबकड्यांवर आणि जुन्या रसिकांच्या बोलण्यात त्या ‘बडोद्याच्या लक्ष्मीबाई’ होत्या. मला यातला ‘बडोद्याच्या’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. त्यांची ओळख नवऱ्याच्या नावाने सांगितली जात नव्हती, ज्या गावाने त्यांचे गाणे ऐकले त्या गावाच्या नावाने सांगितली जात होती. गोव्याची मंडळी इथे बसलेली आहेत, त्यांना ही रीत चांगली ठाऊक आहे. केरीच्या त्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या त्या मोगूबाई कुर्डीकर. कलावंतिणींना समाजाने पुष्कळ नाकारले, लग्नाचा मानही नाकारला. त्या नकारातून जे थोडे त्यांच्याकडे उरले, त्यात स्वतःचे नाव आणि गावाचे नाव होते. याला मी सुख म्हणणार नाही. पण सोवळ्यातल्या घरांना जे सांभाळता आले नाही ते इथे टिकले, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इतक्या वेळ मी नावे बदलल्याची तक्रार केल्यासारखे बोललो. मग यावरून असा निष्कर्ष काढायचा का, की मनू हे खरे नाव आणि लक्ष्मी हे लादलेले, म्हणून खोटे? मी काही काळ तसे मानत होतो. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचल्यावर माझे मत बदलले.

टिळक १८९५ मध्ये मुंबईला ख्रिस्ती झाले. पत्नीला न सांगता झाले. त्यानंतरची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी काय सोसले ते तुम्ही पुस्तकात वाचलेलेच आहे. नवरा जिवंत, आणि तरी संसार मोडलेला. ज्या लग्नाने लक्ष्मी हे नाव दिले ते लग्नच समाजाने पुसून टाकले. त्या वेळी त्यांना माहेरचे नाव परत घेता आले असते. पुढे १९०० साली त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, नवऱ्याच्या ओढीने नव्हे तर जातिभेदाचा प्रश्न स्वतःशी सोडवून. त्या वेळीही नवे नाव घेण्याची सोय होती. त्यांनी दोन्ही केले नाही. एका हिंदू देवतेचे, हिंदू लग्नात मिळालेले नाव घेऊन त्या ख्रिस्ती समाजात वावरल्या आणि त्याच नावाने लिहिले. मुलाने वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या. आईने त्या दिल्या, पण लिहिता लिहिता त्या तिच्या स्वतःच्या झाल्या. सगळ्या पुस्तकात नवऱ्याचा उल्लेख ‘टिळक’ असा आहे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, या जुन्या रीतीचेच हे पालन. पण त्या रीतीतूनच बरोबरीच्या माणसाबद्दल बोलल्यासारखा सूर बाईंनी काढला आहे. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग छापले जाऊ लागले, १९३६ मध्ये त्या गेल्या. टिळकांनी अपुरे ठेवलेल्या ‘ख्रिस्तायना’त चौसष्ट अध्यायांची भर घातली तीही याच बाईंनी, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते.

मग हे नाव कोणाचे? ताटात लिहिणाऱ्याचे, की साठ वर्षे ते वागवून त्यात इतके काही भरणारीचे? मला वाटते, नाव देणारा ते एका दिवसात देतो, घेणारीला मात्र ते आयुष्यभर कमवावे लागते. झाशीच्या राणीने ते कमावले. १९४३ मध्ये सिंगापूरला आझाद हिंद सेनेत स्त्रियांचे पथक उभे राहिले, त्याला ‘झाशीची राणी’ हे नाव दिले गेले आणि त्याचे नेतृत्व करणाऱ्या डॉक्टर स्वामीनाथन यांचे नाव योगायोगाने लक्ष्मीच होते. झाशीच्या सासरने दिलेले एक नाव, पंच्याऐंशी वर्षांनी समुद्रापलीकडे पोचले. तिथे त्याचा अर्थ घराची भरभराट असा कोणी केला नसेल.

म्हणून लक्ष्मी हे नाव पुसा, असे मी म्हणत नाही. मी इतकेच म्हणतो, की त्याच्या आधीचे नावही लिहून ठेवा. आणि हे म्हणण्याचे कारण अभ्यासाचे आहे तसे घरचेही आहे.

अभ्यासाचे कारण असे. नाव बदलले की लेखनाचा धागा तुटतो. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आले आणि लेखिका कोण यावर महाराष्ट्रभर तर्क चालले. त्या होत्या बाळूताई खरे, आणि पुढे विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर मालतीबाई बेडेकर. तीन नावे, एक लेखिका. त्या मोठ्या म्हणून तिन्ही नावे आपल्याला जुळवता आली. पण आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-बडोदे-हैदराबादच्या जुन्या मराठी ग्रंथालयांत पडून असलेल्या मासिकांच्या फायलींत, शाळांच्या स्मरणिकांत, लग्नाआधी दोन कविता लिहून थांबलेल्या मुली आहेत. त्या थांबल्या, की दुसऱ्या नावाने पुढे लिहीत राहिल्या, हे सांगायला त्यांच्या घरातल्यांशिवाय कोणी उरलेले नाही, आणि घरातल्यांनाही ते नाव ठाऊक नसते.

आता घरचे कारण. माझी आजी. तिचेही नाव लक्ष्मी, आणि मी ज्या वर्गाबद्दल सुरुवातीला बोललो तो वर्ग घेत असताना ती जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी, शाळेत बक्षीस मिळालेले एक पुस्तक निघाले. पहिल्या पानावर बक्षीस घेणाऱ्या मुलीचे नाव होते. ते नाव आमच्या घरात कोणी कधी उच्चारले नव्हते. आम्हाला वाटले, कोणा मैत्रिणीचे पुस्तक राहिले असेल. माझ्या मोठ्या आत्याला दाखवले तेव्हा ती बराच वेळ ते पान पाहत राहिली आणि म्हणाली, “अरे, मामा आला की आईला याच नावानं हाक मारायचा. आणि ती पदर नीट करून एकदम लहान मुलीसारखी धावत दारात जायची.” मामा गेला, त्यानंतर त्या नावाने हाक मारणारे माणूसच राहिले नाही. आमच्या घरच्या हस्तलिखित वंशावळीत आजोबांच्या नावाशेजारी कंसात फक्त ‘लक्ष्मी’ आहे. आजोबांच्या आईच्या नावाशेजारीही ‘लक्ष्मी’च आहे. सासू आणि सून, दोघींचे एकच नाव कसे, म्हणून मी आत्याला विचारले. ती म्हणाली, “सासू आधीच गेली होती ना. नाव रिकामं होतं.”

‘नाव रिकामं होतं’ हे शब्द आत्याने अगदी साधेपणाने उच्चारले. मला त्यावर काही बोलता आले नाही. आजीचे ते पहिले नाव मी इथे सांगणार नाही. घरच्यांची परवानगी घेतलेली नाही, आणि ते सांगून तुम्हाला काही मिळणारही नाही. वंशावळीत मात्र मी ते माझ्या हाताने लिहिले आहे, ‘लक्ष्मी’ न खोडता, त्याच्या आधी.

आज कायद्याने लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम झाला. काळ बदलतो आहे आणि तो चांगल्या दिशेने बदलतो आहे. पण मागच्या पिढ्यांची नोंद कोणताही नियम करून देणार नाही, ती आपल्यालाच करायची आहे, आणि त्यासाठी फार वेळ नाही. ज्यांना आजीचे माहेरचे नाव माहीत आहे अशा आत्या आणि मावश्या आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सांगून थांबतो. या सुट्टीत घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वयस्क बाईपाशी बसा. तिला तिचे लग्नाआधीचे पूर्ण नाव विचारा, तिच्या आईचे विचारा, सासूचे विचारा. पहिल्यांदा ती “काय करायचंय ते” असे म्हणेल. थोडे थांबा. मग ती सांगेल. ते वहीत तारखेसह लिहा. शिक्षकांनी या वह्या जमवाव्यात, आणि अकादमीने आपल्या पुढच्या लेखिका-सूचीत प्रत्येक बाईसमोर जन्मनावाचा रकाना ठेवावा. तो रकाना रिकामा राहिला तरी चालेल. निदान इथे काही लिहायचे राहिले आहे, हे पुढच्या अभ्यासकाला दिसेल.

आज संध्याकाळी पाहुणे मंडळी समाधीवर जाणार आहेत असे कळते. तिथे नतमस्तक होताना राणी लक्ष्मीबाईंना नमस्कार कराच. त्याबरोबर काशीच्या घाटावरून नाव मिळालेल्या त्या मनूलाही एक करा.